कार्ब्युरेटरला पूर का येतो? एका छोट्या झडपेचा इतिहास आणि कारणाचा शोध

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं जुन्या मोटारगाडीच्या कार्ब्युरेटरवर बोलायचं म्हणजे काय? मी म्हटलं, वर्गात आम्ही ‘कारण म्हणजे काय’ हा प्रश्न चाळीस वर्षं धूर आणि अग्नी, घडा आणि कुंभार यांच्यावर शिकवला. तोच प्रश्न बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मिस्त्रींसमोर रोज येतो. फरक एवढाच, की आमचं उत्तर चुकलं तर परीक्षेत गुण कमी पडतात आणि त्यांचं उत्तर चुकलं तर गाडी पेट घेऊ शकते.

तर विषय असा. जुन्या गाडीत कधीकधी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल प्रमाणाबाहेर भरतं. गाडी धडधडते, मागून काळा धूर येतो, प्लग काढून पाहिला तर ओला आणि काळा. कधी तर पेट्रोल बाहेर येऊन गरम मॅनिफोल्डवर ठिबकतं. गॅरेजच्या भाषेत ‘ओव्हरफ्लो होतंय’, ‘गाडी फ्लड झाली’. मी त्याला पूर म्हणणार आहे. या पुराचं कारण कसं शोधायचं, हे आज पाहायचं आहे. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास पाहावा लागेल. यंत्रातला प्रत्येक भाग कधीतरी कुठल्यातरी अडचणीवर उत्तर म्हणून बसवलेला असतो. ती अडचण माहीत असेल तर बिघाड झाल्यावर कुठलं उत्तर निकामी झालं हे विचारता येतं.

सुरुवात पेट्रोलपासून नाही, पाण्यापासून करू.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पाहायला घटिकापात्र ठेवत. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यात सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. साधी आणि उत्तम रचना. अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्टेसिबिअस नावाचा एक कारागीर-संशोधक होऊन गेला. त्याला वेगळ्या तऱ्हेचं जलघड्याळ करायचं होतं. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी थेंब थेंब पडावं आणि खालच्या भांड्यातली पातळी वाढेल तसा काटा वर सरकावा. यात अडचण अशी, की वरचं भांडं रिकामं होत गेलं की पाण्याचा दाब कमी होतो आणि धार मंदावते. म्हणजे घड्याळ मागे पडणार. वेग एकसारखा हवा तर वरच्या भांड्यातली पातळी एकसारखी हवी.

क्टेसिबिअसचं स्वतःचं लिखाण आज उरलेलं नाही. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसनं केलेल्या वर्णनावरून आणि नंतरच्या परंपरेवरून अभ्यासकांनी ती रचना पुन्हा उभी केली. पाण्यावर तरंगणारा एक शंकूसारखा तुकडा आणि वर पाणी येण्याचं भोक. पातळी वाढली की तुकडा वर उचलला जातो आणि भोक बंद करतो. पातळी उतरली की तो खाली येतो आणि भोक उघडतं. माणसानं तिथे उभं राहायची गरज नाही. तुमच्या गच्चीवरच्या टाकीत जो बॉलकॉक आहे, तो याच घराण्यातला. ओटो मेयर या इतिहासकारानं १९७० मध्ये स्वयंनियंत्रणाच्या उगमावर पुस्तक लिहिलं. त्यात तो या तरंगत्या झडपेलाच पहिला मान देतो. पुढे नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा बंधूंनी अशा झडपा आपल्या यंत्रांत वापरल्या. १७६५ मध्ये रशियात इव्हान पोल्झुनोव्ह यानं वाफेच्या बॉयलरमधली पाण्याची पातळी फ्लोटनं सांभाळायची रचना केली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. घटिकापात्राला पूर येत नाही, कारण त्यानं पातळी राखायचं कबूलच केलेलं नाही. क्टेसिबिअसच्या भांड्याला मात्र पूर येऊ शकतो. ‘पातळी इतकीच राहील’ असं एखादी रचना कबूल करते, तेव्हाच ‘पातळी ओलांडली’ हा दोष जन्माला येतो.

आता पेट्रोलकडे येऊ. २९ जानेवारी १८८६ रोजी जर्मनीत कार्ल बेन्झनं आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट नोंदवलं. त्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये फवारा नव्हता. इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची, ती जाताजाता वाफ उचलून नेईल, इतकंच. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी, त्याच प्रकारच्या गाडीनं गेली. शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. वाटेत विस्लोख गावात औषधाच्या दुकानातून तिनं इंधन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं आपल्या टोपीची पिन काढून ती मोकळी केली, असं सांगितलं जातं. कार्ब्युरेटरच्या जगातल्या दुरुस्तीच्या पहिल्या कथांपैकी ही एक. ती एका स्त्रीची आहे, आणि तिच्याकडे सुटे भाग नव्हते, नीट पाहणं होतं.

या पृष्ठभागी पद्धतीत एक मूळचा दोष होता. इंधनातला हलका अंश आधी उडून जातो आणि जड अंश मागे राहतो. त्यामुळे सकाळचं मिश्रण वेगळं, दुपारचं वेगळं. थंडीत एक तऱ्हा, उन्हात दुसरी. व्हिएन्नात सिगफ्रिड मार्कसनं फिरत्या ब्रशनं इंधन उडवायची युक्ती केली होती. पण खरा मार्ग सापडला तो १८९३ मध्ये, आणि तो दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडला.

बुडापेस्टमध्ये दोनात बांकी हा शिकलेला इंजिनिअर आणि यानोश चोंका हा तंत्रविद्यापीठाच्या कार्यशाळेचा प्रमुख, अशी जोडी होती. चोंकाकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. तो हातानं शिकलेला माणूस. या दोघांनी फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरसाठी फेब्रुवारी १८९३ मध्ये पेटंट मागितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्हेल्म मायबाखनं आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. मायबाख दहा वर्षांचा असताना पोरका झाला होता. रॉइटलिंगनच्या एका धर्मादाय संस्थेनं त्याला वाढवलं, तिथल्याच कारखान्यात तो कारागिरी शिकला आणि तिथेच त्याची गॉटलीब डाइमलरशी गाठ पडली. आधी कोण, हा वाद आपण हंगेरीच्या आणि जर्मनीच्या लोकांवर सोडू. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की दोन्हीकडे हात आणि डोकं एकत्र काम करत होतं.

रचना अशी. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. डॅनिएल बर्नुलीनं १७३८ मध्ये मांडलेल्या विचाराशी आणि व्हेन्चुरी या इटालियन शास्त्रज्ञानं १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांशी याचं नातं आहे. आजही मिस्त्री त्या गळ्याला ‘व्हेंचुरी’च म्हणतात. तर त्या गळ्यात एक बारीक नळी उघडते. दाब उतरला की नळीतून पेट्रोल वर खेचलं जातं आणि त्याचा फवारा होतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, हवा कमी तर पेट्रोल कमी. वाफ होण्याची वाट पाहायला नको, सगळं इंधन जसंच्या तसं उडतं.

पण यात एक अट आहे. त्या नळीचं तोंड पेट्रोलच्या पातळीपेक्षा काही मिलिमीटर वर हवं. पातळी फार खाली असली तर पेट्रोल उशिरा येतं आणि गाडी उपाशी राहते. पातळी तोंडापर्यंत आली तर कुणी ओढलं नाही तरी पेट्रोल आपोआप सांडतं. सगळा कारभार त्या काही मिलिमीटरवर. म्हणून बाजूला एक छोटी वाटी आली, फ्लोट चेंबर. तिच्यात पोकळ पितळी फ्लोट, आणि वर टोकदार सुईची झडप, जिला आपण नीडल व्हॉल्व्ह म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं जलघड्याळ मोटारीत येऊन बसलं.

तत्त्वज्ञानात याला एक गंमतीदार पुरवणी आहे. १९४३ मध्ये रोझेनब्लुथ, वीनर आणि बिगेलो या तिघांनी ‘फिलॉसॉफी ऑफ सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. आपलं चुकलेलं अंतर मोजून जे स्वतःला दुरुस्त करतं, त्याला ‘हेतू’ आहे असं म्हणता येईल, असा त्यांचा मुद्दा. त्या अर्थानं फ्लोटला हेतू आहे. त्याला पातळी राखायची आहे. (हशा) हसू नका. फ्लोटला मन आहे असं मी म्हणत नाही. पण बिघाड शोधताना ‘या भागाला काय साधायचं होतं आणि ते का साधलं नाही’ असं विचारलं की काम सोपं होतं.

आता मुंबईकडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट गाड्या जुळल्या गेल्या आणि मग बनू लागल्या. फियाट ११०० म्हणजे १०८९ सीसीचं इंजिन, यांत्रिक पेट्रोल पंप आणि सोलेक्स कार्ब्युरेटर. सोलेक्स हे नाव फ्रान्समधल्या गुदार आणि मेनेसाँ या दोन इंजिनिअरांच्या कंपनीचं. सत्तरच्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईची ओळख बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. हजारो हातांना सोलेक्स उघडायची सवय होती. ते हातही आता थकले.

राहिल्या त्या हौशी लोकांकडच्या गाड्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. म्हणजे गाडी जपायला कायद्यानं वाट दिली. पण ती चालवायला लागणारं ज्ञान कायद्यानं येत नाही. मग होतं काय, की पेट्रोल सांडलं रे सांडलं की अख्खा कार्ब्युरेटर बदलतात. बाजारात मिळणारी नक्कल बसवतात. तिची जेट वेगळी, पातळी वेगळी, आणि मग गाडी कधीच पहिल्यासारखी चालत नाही. मूळचा कार्ब्युरेटर भंगारात. त्यात दोष होता कदाचित कस्पटाएवढा.

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येतो. पुराचं कारण शोधायचं कसं?

नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना तीन अटी घातल्या. कारण कार्याच्या आधी असलं पाहिजे, नेहमी असलं पाहिजे, आणि ते ‘अन्यथासिद्ध’ नसलं पाहिजे. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर होतं खरं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं असं. त्यांचं आवडतं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. घडा होण्याआधी गाढवानं माती आणली. पण घड्याचं कारण गाढव नव्हे. माती दुसरं कुणीही आणलं असतं. गॅरेजमध्ये अशी गाढवं पुष्कळ असतात. ‘परवा पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरलं म्हणून’, ‘गाडी धुतली म्हणून’. ती आधी घडलेली असतात, एवढंच.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. एकच कार्य वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकतं का? अग्नी गवतापासून पेटतो, अरणी घासून पेटतो आणि सूर्यकांत मण्यानंही पेटतो. मग अग्नीचं कारण नेमकं कोणतं? याला तृणारणिमणिन्याय म्हणतात. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याची चर्चा केली आहे. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलला १८४३ मध्ये ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’ लिहिताना हीच अडचण आली. नैयायिकांनी दिलेलं एक उत्तर मला फार कामाचं वाटतं. ते म्हणतात, हे तिन्ही अग्नी नीट पाहा. नाव एक असलं तरी ते एकाच जातीचे नाहीत. गवताचा अग्नी वेगळा, मण्याचा वेगळा. कार्य बारकाईनं पाहिलं तर कारणाचा वेगळेपणा कार्यातच दिसतो.

हेच मला आज सांगायचं आहे. कार्ब्युरेटरचा पूर एक नाही. किमान सहा पूर आहेत, आणि आपण सगळ्यांना एकच नाव देतो म्हणून कारण सापडत नाही.

पहिला पूर कस्पटाचा. टाकीतल्या गंजाचा कण येऊन नीडलच्या बैठकीत अडकतो. हा पूर अचानक येतो आणि अचानक थांबतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोट चेंबरच्या झाकणावर हलकंसं ठोकलं तर काही वेळ बंद होतो. गाडी फार दिवस उभी होती किंवा टाकी अगदी तळाला गेली होती, असं बहुधा आढळतं.

दुसरा झिजलेल्या नीडलचा. सुईच्या टोकावर झिजून बारीक कडं पडतं. ते भिंगातून दिसतं, नखालाही लागतं. हा पूर महिन्या-महिन्यानं वाढतो. गाडी जागेवर चालू ठेवली तर जास्त, रस्त्यावर कमी, कारण वेगात इंजिन जितकं गळेल तितकं पिऊन टाकतं.

तिसरा फुटक्या फ्लोटचा. पितळी फ्लोटच्या सांध्याला केसाएवढी चीर जाते आणि आत पेट्रोल शिरतं. फ्लोट जड होतो. ठोकून काही उपयोग होत नाही आणि हा पूर एकदा आला की परत जात नाही. फ्लोट कानाशी हलवला तर आत खळखळ ऐकू येते. गरम पाण्यात बुडवला तर चिरेतून बुडबुडे येतात. पाणी गरम करायचं ते दूर, स्वयंपाकघरात, आणि भांडं आणायचं पेट्रोलपासून लांब.

चौथा चुकीच्या पातळीचा. हा दुरुस्तीच्या दिवसापासून सुरू होतो. सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्ह झाकणात खालून बसतो आणि त्याच्याखाली एक वॉशर असतो. वॉशर जाड घातला तर झडप खाली येते, लवकर बंद होते आणि पातळी उतरते. पातळ घातला तर पातळी चढते. किट बदलताना जुना वॉशर हरवला आणि हाताला आला तो घातला, एवढं पुरतं.

पाचवा दाबाचा. हाही पंप बदलल्या दिवसापासून सुरू होतो. यांत्रिक पंपाऐवजी कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला आणि त्याचा दाब जास्त असला, तर चांगला फ्लोट आणि चांगली सुईसुद्धा हरते.

सहावा उष्णतेचा. गाडी चालताना सगळं ठीक. उन्हातून आल्यावर बंद केली की पाच-दहा मिनिटांनी इंजिनाच्या धगीनं वाटीतलं पेट्रोल उकळतं, नळीतून वर चढतं आणि खाली सांडतं. मग गरम गाडी सुरू होत नाही. सकाळी थंड असताना तीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू. यात फ्लोटचा काही दोष नाही.

आणि चोक अडकून राहणं हा पूर नव्हेच. तिथे वाटीतली पातळी चढलेली नसते, हवा कमी झालेली असते. धूर मात्र तसाच काळा. यालाच आमच्याकडे हेत्वाभास म्हणतात. खूण दिसते, पण ती आपल्याला हवं ते सिद्ध करत नाही.

फ्लोटची ताकद किती असते, याचा एक हिशोब करू. समजा झडपेचं भोक २ मिलिमीटरचं आहे. क्षेत्रफळ सुमारे ०.०३१ चौरस सेंटिमीटर. पंपाचा दाब ०.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे सुईला खाली ढकलणारं बल साधारण ६.३ ग्रॅम. समजा दांडीमुळे फ्लोटला तिप्पट फायदा मिळतो. मग फ्लोटला सुमारे २ ग्रॅम जास्तीचा उचल हवा. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर त्यासाठी जवळजवळ २.८ घन सेंटिमीटर पेट्रोल बाजूला सारावं लागेल. आता पंपाचा दाब दुप्पट करा. फ्लोटला आणखी २.८ घन सेंटिमीटर बुडावं लागेल. फ्लोटचा आडवा छेद १० चौरस सेंटिमीटर असेल तर पातळी जवळजवळ ३ मिलिमीटर चढली. आणि नळीचं तोंड किती वर होतं? काही मिलिमीटर. संपलं. फ्लोटमध्ये २ ग्रॅम पेट्रोल शिरलं तरी तेवढाच परिणाम. म्हणून फुटक्या फ्लोटला डाख लावताना कथिल जास्त झालं तर चीर बुजते, पण पूर राहतो. डाख लावण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण उडालेलं असलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. पेट्रोल शिल्लक असताना आच लागली तर स्फोट होतो.

मग क्रम कसा ठेवायचा? सगळ्यात आधी गाडी थंड होऊ द्या. बॅटरीची तार काढा. आसपास बिडी-काडी नको. पेट्रोल ठिबकत असताना सेल्फ मारत राहणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. त्यानंतर हात लावण्याआधी विचारा: पूर केव्हा येतो? चालताना की थांबल्यावर? हळूहळू आला की एका दिवसात? शेवटचं काम काय केलं होतं? निम्मी कारणं इथेच गळतात.

मग अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही, या दोन्ही बाजू तपासायच्या. बऱ्याच जुन्या यांत्रिक पंपांना हातानं चालवायची छोटी दांडी असते. इंजिन बंद आणि थंड असताना ती चालवा. वाटी भरली की झडप बंद होते आणि दांडी सैल पडते, तिला जोर लागत नाही. पण दांडी पेट्रोल ढकलतच राहिली आणि गळ्यात थेंब दिसले, तर झडप बंद होत नाही हे सिद्ध झालं. उष्णता नाही, चोक नाही, इंजिनची ओढ नाही. एका साध्या कृतीनं तीन संशयित सुटले. याला मी उत्तम प्रयोग म्हणतो.

त्यानंतर झाकण काढून फ्लोट, मग सुई, मग वॉशर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फ्लोट, सुई, गॅस्केट सगळं एकदम बदललं आणि पूर थांबला, तर गाडी बरी झाली पण आपण काही शिकलो नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च. जाणते मिस्त्री तर नवी सुई घालून पूर थांबल्यावर जुनी सुई परत घालून पाहतात. पूर पुन्हा आला तरच म्हणतात, ‘हां, हिचंच काम आहे.’ व्यतिरेकानंतर पुन्हा अन्वय. त्यांनी तर्कसंग्रह वाचलेला नसतो.

आणि एक पायरी अजून. कस्पट काढलं, पूर थांबला, आठवड्यानं परत आला. मग कस्पट हे कारण होतं का? होतं, पण मधलं. मूळ टाकीत आहे. तिथला गंज काढल्याशिवाय आणि फिल्टर बसवल्याशिवाय आपण पुसलेली फरशी पुन्हा पुसत बसतो, नळ चालूच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते जुन्या टाकीतला साचलेला थर सैल करतं, आणि त्या काळातले रबराचे पडदे, नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्यामुळे पन्नास वर्षं सुरळीत चाललेल्या गाडीला आता पूर येऊ लागला तर कार्ब्युरेटरला दोष देण्याआधी टाकी आणि नळ्या पाहा.

कुणी म्हणेल, आता सगळ्या गाड्यांत इंजेक्शन आलं, हे ज्ञान कशाला? १९७६ मध्ये बॉशचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वो गाडीत आला. धुराड्यातला ऑक्सिजन मोजून इंधन कमी-जास्त करायचं. म्हणजे तत्त्व फ्लोटचंच: चुकलेलं मोजा आणि दुरुस्त करा. फ्लोटच्या जागी विजेचा संदेश आला. आता गॅरेजमध्ये मशिन लावलं की पडद्यावर कोड उमटतो आणि अनेकदा त्या कोडवर विश्वास ठेवून सेन्सर बदलला जातो. पण कोड म्हणजे खूण. सेन्सरनं ‘मिश्रण बिघडलं’ असं सांगितलं, याचा अर्थ सेन्सर बिघडला असा नाही. कुठेतरी हवा गळत असेल. बातमी आणणाऱ्यालाच शिक्षा करायची, हा जुना घोटाळा नव्या यंत्रातही आहे. दवाखान्यात आहे, कचेरीत आहे, धरणाच्या दारांशीही आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी असेल आणि पेट्रोल सांडत असेल, तर दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. पूर केव्हा येतो, केव्हा जातो, कधीपासून येतो, ठोकल्यावर काय होतं, हे चार ओळींत लिहा. तो कागद घेऊन जाणत्या मिस्त्रींकडे जा आणि त्यांना काम करताना पाहा. शक्य असेल तर आपल्या मुला-नातवंडांना बरोबर न्या. हे ज्ञान पुस्तकात फार थोडं उतरलं आहे. ज्यांच्या हातात ते आहे ती माणसं साठी-सत्तरीची आहेत. त्यांना विचारायला अजून वेळ आहे.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.